खिडकीतून पाहिलेला निसर्ग नव्हे
‘विसाव्या शतकातील निसर्गचित्रे’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. स्त्री चित्रकारांचा निसर्ग ‘नाजूक, घरगुती’ असतो, हे त्यातील विधान मुळीच पटले नाही. स्कॉटलंडच्या जोन अर्डली (१९२१-१९६३) कॅटरलाइन या मच्छीमारांच्या गावात राहून रंगवत. वादळ आले की त्या थेट किनारा गाठत. वाऱ्याने चित्रफलक उडू नये म्हणून तो दोरांनी बांधावा लागे! त्यांच्या शेतांच्या चित्रांत गवताच्या काड्या, बियासुद्धा जाड रंगात रुतलेल्या दिसतात. यात नाजूक काय आहे? कर्करोगाने त्या ४२व्या वर्षीच गेल्या आणि स्कॉटलंडबाहेर त्यांचे नाव फारसे पोहोचलेच नाही, याची खंत वाटते. पुरवणीत त्यांच्यावर सचित्र लेख द्यावा, ही विनंती.