हॅलोविनची भुतं: दुधाचे रिकामे कॅन टाकू नका

मंडळी, ३१ ऑक्टोबर जवळ आलाय. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता आमच्या गराजमध्ये मुलांना घेऊन भुतं करायची आहेत. एक गॅलन दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन आणा. पांढरट, उजेड आरपार जाणारेच. साबणाने धुऊन, झाकण काढून नीट वाळवा. गेल्या वर्षी एका भुताला चांगलाच आंबट वास सुटला होता!

डोळे-तोंड मुलं काळ्या मार्करने काढतील. मागे भोक पाडून एलईडीची माळ आत सोडायची. कटर मोठ्यांच्याच हातात. मेणबत्ती अजिबात नको, प्लॅस्टिक वितळतं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून तळाशी घालायला वाळू मी आणते.

दह्याचे मोठे डबेही चालतील, नारिंगी रंगवले की भोपळे. (आमटी ठेवायचे घरीच असू द्या.)

शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.