गाय विम्यात, घर विम्यात, गोठा मात्र उघड्यावर : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,

सविनय नमस्कार.

आमच्या घरामागे दहा-बारा पावलांवर गोठा आहे. छातीएवढ्या विटांच्या भिंती, वर लोखंडी अँगल आणि पत्रे. एका अंगाला दोन गायी, दुसऱ्या अंगाला चारा, फवारणीचा पंप, कुदळी-फावडी, आणि पावसाळ्यात मोटारसायकलही तिथेच. गेल्या वर्षी वळवाच्या वादळात घराची काही कौलं फुटली. गोठ्याचं छप्पर मात्र अँगलसकट उचललं गेलं आणि बांधापलीकडे जाऊन पडलं. गायी त्या वेळी बाहेर झाडाखाली होत्या म्हणून वाचल्या.

घराचा विमा होता. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी टेप लावून छप्पर मोजलं, फुटलेली कौलं मोजली, फोटो काढले. मग मी त्यांना मागे घेऊन गेलो. पिळवटलेल्या अँगलला हात लावून त्यांनी विचारलं, "इथे माणसं राहतात का?" मी म्हटलं, "नाही, जनावरं असतात." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "मग हे तुमच्या पॉलिसीत बसत नाही," एवढंच म्हणाले. माणूस सज्जन होता, माझं त्यांच्याशी भांडण नाही. त्यांनी कागदावर जे आहे तेच सांगितलं, आणि मी हे पत्र लिहितोय तेही त्या कागदाबद्दलच.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सुरू झाली. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तिचा मसुदा ठरवून दिला. हे काम चांगलं झालं, हे मनापासून सांगतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, सगळं एका कागदात आलं. विमा रक्कम काढायची रीतही सोपी ठेवली : घराचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापराची जागा) गुणिले बांधकामाचा दर. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही, कारण पुरात किंवा आगीत गेलेलं घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल तोच विम्याने द्यायचा असतो.

याच पॉलिसीत 'अतिरिक्त बांधकामं' असा एक भाग आहे. मूळ घरापासून सुटी असली तरी त्याच जागेत असलेली आणि घराचा भाग म्हणून वापरली जाणारी बांधकामं त्यात येतात. यादी वाचली तर मन सुखावतं. गॅरेज आहे, कंपाउंडची भिंत, कुंपण, गेट आहे, माती अडवणारी भिंत आहे, आतला रस्ता, पाण्याची पक्की टाकी, सेप्टिक टँक, सौर पॅनेल, इतकंच काय, बायोगॅस संयंत्रही आहे. परसातल्या वेगळ्या खोलीला मात्र एक अट चिकटवली आहे : ती राहण्यासाठी वापरली जात असली पाहिजे. गोठा, चाऱ्याची खोपी, अवजारांची खोली यांचं नाव यादीत कुठेच नाही. म्हणजे शेणावर चालणारं गोबरगॅसचं संयंत्र विम्यात आलं आणि ज्या गोठ्यातून शेण येतं तो बाहेर राहिला. यादी करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. ती यादी करताना शहरातला बंगला डोळ्यांपुढे असावा. पण खेड्यातलं घर एका छपराखाली मावत नाही. ते अंगणभर पसरलेलं असतं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे असतं त्यावर पुढच्या घरातली चूल चालते.

यावर मला एका जाणकाराने सुचवलं की व्यवसाय म्हणून दाखवा, सूक्ष्म उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. मोठा डेअरीवाला ती घेईल, त्याने घ्यावीच. पण ज्याच्या दारात दोन गायी आहेत, ज्याचं निम्मं दूध घरातच लागतं, त्याने कोणता उद्योग दाखवायचा? गायीचा विमा निघतो, त्याला राष्ट्रीय पशुधन अभियानातून अनुदान मिळतं. पिकाला २०१६ पासून प्रधानमंत्री फसल विमा योजना आहे. घराला ही पॉलिसी आहे. या तिघांच्या मधोमध जे छप्पर उभं आहे त्याचा धनी कोणी नाही.

सरकारी मदतीतही तेच. आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जे निकष ठरले, त्यात एका गोठ्यामागे ३,००० रुपये आहेत, आणि तिथेही शब्द आहेत 'घराला जोडून असलेला गोठा'. आमचा जोडून नाही. माशा, वास, आगीचं भय, या कारणांनी जाणती माणसं गोठा घरापासून लांबच बांधत आली. त्या शहाणपणाचीच शिक्षा व्हावी, हे बरं नाही. बरं, ३,००० रुपये मिळाले असते तरी त्यात आमच्या छपराचे सगळे पत्रे आले नसते. हा विषय गृहमंत्रालयाचा आहे हे मला ठाऊक आहे, पण निकषांची भाषा बदलताना आपलं मत विचारलं जाईल म्हणून लिहिलं.

आता माझ्या चुकीबद्दलही लिहायला हवं. पॉलिसी गृहकर्जाबरोबर आली. अर्ज बँकेतच भरला गेला. सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या, मी फुलीवर सही करत गेलो. दावा नाकारल्यावर अर्जाची प्रत मागवली तेव्हा पाहिलं : अतिरिक्त बांधकामांचा रकाना रिकामा. म्हणजे आमची कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी, जी यादीत स्पष्ट आहेत, त्यांचीही रक्कम शून्य. कारण या बांधकामांची रक्कम आपोआप धरली जात नाही. ती मालकाने सांगायची आणि कंपनीने मान्य करायची, असा नियम आहे. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. उद्या ती भिंत पुरात गेली असती तर हात चोळत बसायची वेळ आली असती.

म्हणून दोन मागण्या आहेत. आयआरडीएआयला सांगून 'राहण्यासाठी' ही अट काढून टाकावी आणि गोठा, अवजारांची खोली, चाऱ्याची शेड ही नावं यादीत घालावीत. त्यासाठी प्रीमियम थोडा जास्त पडला तरी आम्ही देऊ. छप्पर हलकं असतं, वादळाला लवकर बळी पडतं, हे आम्हालाही कळतं. दुसरी मागणी अर्जाची. "घराशिवाय जागेत आणखी काय बांधलेलं आहे?" हा प्रश्न मराठीत, तोंडी विचारला जावा, आणि उत्तर "काही नाही" असेल तर तेही ग्राहकाच्या अक्षरात लिहून घ्यावं. रिकामा रकाना असलेला अर्ज बँकेने पुढे पाठवूच नये.

माझ्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. या वेळी त्या रकान्यात मी स्वतः लिहिणार आहे : कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, गोठा. लांबी-रुंदी मोजून ठेवली आहे. पहिल्या तीन गोष्टी कंपनी मान्य करेल. चौथीपुढे काय लिहून येतं ते मी आपल्याला कळवीन.

आपला नम्र,
एक पॉलिसीधारक