बाहेर उघडणारे दार आणि बिजागरीकडे झालेले दुर्लक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ‘कुलूप नीट लावा, शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने लॉकरमध्ये ठेवा’ या पोलिसांच्या सूचना आपल्या अंकात येतात. सूचना योग्यच असतात. मात्र दार आत उघडते की बाहेर, हा प्रश्न त्यात कुठेच नसतो. फ्लॅटचे सेफ्टी डोअर, रो-हाउसचे मागचे दार, गच्चीचे दार, दुकानाच्या गोदामाचे दार ही बहुधा बाहेरच्या बाजूला उघडतात आणि त्यांचा बंदोबस्त आत उघडणाऱ्या दारासारखा करून चालत नाही.

आत उघडणाऱ्या दारावर लाथ बसली की सगळा जोर कुलपाच्या जिभेवर आणि समोरच्या पट्टीच्या दोन-चार स्क्रूंवर येतो. बाहेर उघडणारे दार लाथेला दाद देत नाही, कारण ते चौकटीच्या खाचेवरच, म्हणजे दार टेकते त्या कडेवर, दाबले जाते. हा त्याचा मोठा फायदा. त्याला भीती कटावणीची. कटावणीला लागणाऱ्या जागा मात्र सगळ्या बाहेरच्या अंगाला असतात: बिजागरीच्या गाठी (पिन ज्यांत बसते त्या गोल नळ्या), दार आणि चौकट यांमधली फट आणि कडी-कोयंड्याचे स्क्रू.

आधी बिजागरी. साध्या बिजागरीची पिन खालून पंच लावून ठोकली की वर सरकते. तिन्ही पिना निघाल्या की कुलपाला हातही न लावता दार त्या बाजूने बाहेर ओढता येते. आतल्या दाराला महागडे डिजिटल कुलूप, कॅमेऱ्याची बेल आणि बाहेरच्या सेफ्टी डोअरला पत्र्याच्या बिजागऱ्या, हे दृश्य नव्या इमारतींतही सर्रास दिसते. नवे दार बसवताना पिन न निघणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, ३ मिमी जाडीच्या, ४ किंवा ५ इंची तीन बिजागऱ्या मागाव्यात. जुन्या बिजागरीवर दोन उपाय आहेत. पिनेच्या दोन्ही टोकांना हातोडीने डोके ठोकून घ्यावे किंवा पिनेला वेल्डिंगचा ठिपका द्यावा. बिजागरीला दोन पाती असतात, एक दाराला आणि एक चौकटीला; ठिपका एकाच पात्याच्या गाठीला द्यायचा. दोन्ही पात्यांना दिला तर दार जाम होते. लाकडी दार असेल तर बिजागरी उतरवूनच वेल्डिंग करावे, नाहीतर पॉलिश जळते आणि लाकूड धुमसत राहण्याचा धोका वेगळाच. पट्टीची लांब बिजागरी दाराच्या दर्शनी बाजूला ठोकलेली असेल तर पिनेचा विचारही करायला नको. तिचे स्क्रू बाहेरच आहेत, साधा पेचकस पुरतो. तिथे स्क्रू काढून आरपार बोल्ट घालावेत.

पिन पक्की झाली तरी गाठ करवतीने कापता येते. म्हणून बिजागरीच्या बाजूला खुंट्या हव्यात. आमच्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोगाचे काम हेच आहे. प्रत्येक बिजागरीच्या दोन पात्यांवरचे समोरासमोर येणारे एकेक स्क्रू काढावेत. गाठीपासून लांबचे भोक निवडावे. चौकटीच्या बाजूला अडीच-तीन इंची जाड स्क्रू पिळून साधारण १२ मिमी बाहेर ठेवावा, त्याचे डोके हॅक्सॉने कापून टोक कानशीने गोल करावे. समोर दाराच्या पात्याचे भोक ८ मिमीपर्यंत मोठे करून आत लाकडात १५ मिमी खोल ड्रिल मारावे. दार बंद झाले की खुंटी त्यात बसते. मग पिना काढल्या, गाठी कापल्या, तरी दार त्या बाजूने सुटत नाही. दार कमानीत फिरत असल्यामुळे खुंटी सुरुवातीला भोकाच्या कडेला घासते. घासल्याची खूण बघून तेवढीच कड कानशीने काढावी, खुंटी वाकवू नये. लोखंडी सेफ्टी डोअरला याहून सोपे: बिजागरीकडच्या पाइपवर १० मिमी सळईचे तुकडे १५ मिमी बाहेर राहतील असे वेल्ड करून चौकटीत १२ मिमीची भोके पाडायची.

कुलपाच्या बाजूला अडचण वेगळी आहे. आत उघडणाऱ्या दारात बाहेरून फटीच्या पुढे चौकटीची खाच आड येते. इथे खाच आतल्या बाजूला असल्याने बाहेरून पाहिले तर फटीत लॅचची (दार लोटताच आपोआप अडकणाऱ्या कुलपाची) जीभ सरळ दिसते. जिभेचा उतार आतल्या अंगाला असतो, त्यामुळे वाकवलेली तार किंवा पातळ पत्रा मागे घालून ओढला तरी जीभ आत जाते. किल्ली न फिरवता नुसते लॅचवर लावलेले दार म्हणजे फक्त लोटलेले दार समजावे. बाहेरून किल्लीने फिरणारा, निदान २० मिमी बाहेर येणारा चौकोनी बोल्ट हवाच. शिवाय दाराच्या कडेला ४० मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी अशी लावावी की ती फट झाकून चौकटीवर टेकेल. शक्य असल्यास दाराच्या पूर्ण उंचीची, नाहीतर कुलपाच्या वर-खाली मिळून किमान एक फूट. ती स्क्रूने लावली तर कटावणी घालायला आयतीच जागा होते. बाहेरून गुळगुळीत गोल डोके, आतून वॉशर आणि नट, असेच बोल्ट वापरावेत.

हाच नियम आतल्या कड्यांनाही लागू आहे, आणि सुतार मंडळी नेमके इथेच चुकतात. बाहेरून दार ओढले की नाईट लॅचची जीभ चौकटीत अडकून राहते आणि त्याची पेटी दारापासून उपटली जाते. सगळा ताण पेटीच्या अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर. टॉवर बोल्ट (सरकती उभी कडी) आणि अल्ड्रॉप (कुलूप लावता येणारी आडवी कडी) यांचेही तेच. फ्लश डोअरमध्ये (प्लायच्या सपाट दारात) चिपबोर्ड असेल तर ते स्क्रू हातानेही हलतात. तेव्हा पेटीला निदान दोन बोल्ट आरपार हवेत. बाहेरच्या कोयंड्याचे बोल्टही असेच, आणि कडी बंद झाल्यावर त्यांची डोकी तिच्याखाली झाकली जातील असाच कोयंडा निवडावा.

वाड्याचा अडसर आठवून कुणी मागच्या दाराला आतून आडवा दांडा लावतात. भिंतीतल्या खाचांत बसणारा तो दांडा आत ढकलल्या जाणाऱ्या दाराला थोपवतो; बाहेर ओढल्या जाणाऱ्या दाराशी त्याचा संबंधच येत नाही. इथे उलटा विचार करायचा. दोन मजबूत आकडे दारालाच आरपार बोल्टने बसवायचे आणि दांडा त्यांत अडकवायचा. तो दोन्ही बाजूंना चौकटीच्या पलीकडे चार-सहा इंच जाऊन भिंतीमागे राहिला पाहिजे. ओढ मग भिंतीवर जाते. बाहेर पडायला दुसरे दार असेल तिथेच हा उपाय.

जाळीच्या सेफ्टी डोअरमधून हात घालून आतली कडी काढणे हा प्रकार जुनाच. कडीपासून हात पोचेल तेवढ्या भागात, म्हणजे दीड-दोन फुटांत, आतून पत्रा किंवा बारीक जाळी मारावी.

पावसाळ्याबद्दल एक सांगायला हवे. जून-जुलैत लाकडी दार फुगते, लागत नाही म्हणून लोक रंधा मारून घेतात. दिवाळीनंतर दार सुकले की फट पाच-सहा मिमी होते आणि कटावणीची सोय होते. फुगलेल्या दाराला फक्त अडेल तिथे, अगदी थोडा रंधा मारावा आणि उघड्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश द्यावे. ओल मुख्यतः उघड्या कडेतून शिरते. सुकल्यावर फट दोन-तीन मिमी असावी. कोकण किनाऱ्यावर लोखंडी पिना आणि वेल्डिंगचे ठिपके गंजतात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घासून रंगवावेत.

हे सगळे करताना आग विसरू नये. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार बाहेर पडण्याच्या वाटेवरची दारे बाहेर उघडावीत, उघडल्यावर वाट अडवू नये आणि आतून किल्लीशिवाय उघडता यावीत अशी अपेक्षा आहे. म्हणून घरात माणसे असताना आतूनही किल्लीच लागते अशी कुलपे नकोत. आतल्या बाजूला फिरवायची मूठ असलेलेच कुलूप घ्यावे आणि कुलपाजवळ जाळी असेल तर पत्रा मारून ती मूठ बाहेरच्या बाजूने झाकावी. चोरवाट बंद करायची म्हणून गच्चीच्या दाराला सोसायटीने कायमचे कुलूप घालणे तर सर्वांत धोक्याचे. त्या दाराला खुंट्या, पट्टी आणि आतून विनाकिल्ली उघडणारा बोल्ट बसवून घ्यावा, आणि सेफ्टी डोअर पूर्ण उघडल्यावर जिन्याकडे जायला किती जागा उरते ते एकदा टेपने मोजावे.

आपले,
दारे-चौकटी व जाळीकाम करणारे काही वाचक, ठाणे