क्रीडामंत्री साहेब, आमच्या फॉरवर्डला मॅच पाहिजे

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सातारची. कॉलेजला असताना फुटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल मारणारी, म्हणून खेळायचे, आता ब्लाउज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी चौदा पोरींना फुटबॉल शिकवते. फी काही घेत नाही. बॉल, बिब्ज (दोन बाजू ओळखायला घालायची रंगीत बंडी), चुन्याची पिशवी सगळं आम्ही वर्गणी काढून आणतो त्यामुळे पैसे मागायला हे पत्र लिहीत नाहीये, मला मॅच मागायच्यात.

सुरुवात 2022 पासून करते. त्या वर्षी मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप आपल्या देशात झाला, फायनल 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती. दिवाळीची सुट्टी होती, मी छोटी गाडी ठरवली आणि दहा पोरी घेऊन गेले, आयांनी चपात्या-चटणी बांधून दिली होती. स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. पोरी काय ओरडल्यात म्हणून सांगू! पण परत येताना खंबाटकी घाटात सगळ्या झोपल्या होत्या आणि सहावीतली एक पोरगी तेवढी जागी होती, तिने विचारलं, ताई, आपल्या टीमनं एक पण गोल का नाही मारला? आपण अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 हरलो होतो, तीन मॅच आणि आपला गोल शून्य. मी तिला काहीतरी सांगून गप्प केलं. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि उत्तर मला ह्या पोरीकडे बघूनच सापडलं.

ती आता नववीत आहे आणि आमची फॉरवर्ड आहे. डावखुरी. शूज चुलतभावाचे, दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून घालते, आणि तरी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं काढलेल्या गोलमध्ये दहातले आठ बॉल कोपऱ्यात मारते. भिंतीसमोर तिला तोड नाही. पण गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत समोर खऱ्या चार बॅक, म्हणजे गोल राखणाऱ्या पोरी, आल्या आणि ही पहिल्या हाफमध्ये पाच वेळा ऑफसाइड, म्हणजे पास सुटायच्या आधीच त्यांच्या पुढं गेलेली. पाच वेळा! ती रडली आणि मला पण वाईट वाटलं कारण चूक तिची नव्हती. ऑफसाइड भिंतीसमोर शिकता येत नाही साहेब. बॅकची लाइन कधी पुढं सरकते, पास सुटायच्या आधी किती थांबायचं, कुणाच्या पाठीमागनं पळायचं हे समोर अकरा जणी उभ्या राहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उभ्या राहून पण कळत नाही, पन्नास वेळा उभ्या राहायला लागतात. आमच्या चौदाजणींत सात विरुद्ध सात होतं. नाहीतर बारा-तेरा वर्षांच्या पोरांशी खेळायचं, ते पण त्यांची मर्जी असली तर.

शालेय स्पर्धा म्हणजे नॉकआउट, हरलं की घरी. आमची ती मॅच 2-0 हरलो आणि तिचं वर्ष तिथंच संपलं. अख्ख्या वर्षात एक मॅच!

आता दुसरीकडं बघा. मणिपूरची बाला देवी, आपल्या देशाची फॉरवर्ड. पहिल्यांदा गावात पोरांबरोबर खेळली, पुढं मणिपूर पोलिसात नोकरी लागली आणि पोलिसांच्याच संघातून खेळत राहिली, पोटाची चिंता मिटली आणि मॅच पण मिळत गेल्या. 2018-19 ला इंडियन विमेन्स लीगमध्ये तिने 26 गोल मारले. मग जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला घेतलं आणि त्याच डिसेंबरला मदरवेलविरुद्ध तिने तिथला पहिला गोल मारला. पुढं गुडघ्याचं मोठं दुखणं काढलं, वयाची तिशी ओलांडली, तरी परत आली आणि 2024 ला काठमांडूत सॅफ ह्या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत देशासाठी पन्नासावा गोल केला. आपल्या पोरींत हे कधीच होणार नाही असं कोण म्हणतं? तिच्या पाठीशी पगार होता, संघ होता आणि वर्षभर खेळायला लीग होती. आमच्याकडं तिन्हीतलं एक पण नाही.

आणि आपल्या देशाची बायकांची टीम काय कमी नाहीये आता. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून आपण 2026 च्या आशिया कपला पात्र झालो, दोन्ही गोल संगीता बासफोरने मारले, पात्रता फेरी खेळून आपण पहिल्यांदाच तिथं गेलो. त्या रात्री मी मोबाईलवर बघत होते आणि मुलं झोपली होती म्हणून तोंडावर हात ठेवून ओरडले.

क्रिकेटचं बघा ना. सांगलीची स्मृती मानधना, ती आणि तिच्या टीमने 2 नोव्हेंबर 2025 ला वर्ल्डकप जिंकला, त्याच डी. वाय. पाटीलवर जिथं आम्ही फुटबॉलची फायनल बघितली होती. आता शेजारपाजारचे बाप स्वतःहून पोरींना बॅट आणून देतात. माझ्या पोरींच्या आया मात्र अजून विचारतात, ह्यात पुढं काय हाय? मी काय सांगू त्यांना? खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे हे मी सांगते, पण त्याला मेडलचं सर्टिफिकेट लागतं आणि मेडलपर्यंत जायला मॅच लागतात, फिरून तिथंच येतो आपण.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या तीन जिल्ह्यांची मिळून मुलींची लीग चालू करा, प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळेल, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर, नॉकआउट नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, पुरुषांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, तिथली माणसं पोरींची मॅच बघायला पण येतील, मला खात्री आहे. एसटीचं भाडं आणि रेफ्रीचं मानधन सरकारनं द्यावं, बाकीचं आम्ही बघू. पोलीस भरतीत महिला फुटबॉलपटूंना संघासाठी म्हणून घ्या, मणिपूरनं हे करून दाखवलंय. आणि मैदान लग्नाला नाहीतर प्रदर्शनाला भाड्यानं दिलं तर निदान आठ दिवस आधी कळवायची सक्ती करा, मागच्या महिन्यात आम्ही सहाला पोचलो तर आत मंडपाचे खांब रोवलेले, गोलपोस्टला दोरी बांधून त्याच्यावर ताडपत्री वाळत घातलेली. पोरी अर्धा तास गेटवर उभ्या राहिल्या आणि मग शाळेत गेल्या.

जूनमध्ये आमची फॉरवर्ड दहावीत जाणार, मग क्लास, आणि तिच्या आजीनं आत्ताच सांगून ठेवलंय की बोर्डाच्या वर्षी खेळ बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा संघांची जरी लीग झाली ना साहेब, तरी तिला जूनच्या आत दहा मॅच मिळतील.

आपली,
सातारची एक जुनी फॉरवर्ड