दोन टक्क्यांखालचा हितसंबंध

माननीय संपादक,

दूरसंचार कंपनीतून निवृत्त झालेला एखादा बडा अधिकारी गोव्यातल्या सरकारी महामंडळावर संचालक म्हणून नेमला गेला की बातमीत त्याची पदे ओळीने छापून येतात. तो मंडळाच्या बैठकीत नेमका कोणत्या कामाचा आणि कोणत्या विषयाला त्याने खोलीबाहेर जायला हवे, हे त्या यादीतून कळत नाही.

दूरसंचार हा एकच धंदा नव्हे. विक्रीतून वर आलेल्या अधिकाऱ्याला रिचार्जचे वितरक कळतात आणि ग्राहक नंबर घेऊन दुसरीकडे का जातो हेही कळते. नेटवर्कमधल्याला टॉवरची जागा, बॅटरी, डिझेल आणि फायबर कुठे तुटते हे ठाऊक असते. वित्त विभागातल्याची गोष्ट वेगळी. १९९९च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्क जाऊन महसुलातला वाटा आला आणि ‘महसूल’ म्हणजे काय, यावरचा वाद २४ ऑक्टोबर २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. ज्याने तो काळ आतून पाहिला, तो कराराच्या मसुद्यात आधी व्याख्यांचे पान उघडतो. महामंडळांना अशाच माणसाची जास्त गरज असते, पण नेमणूक बहुधा विक्रीतल्या नावाजलेल्या चेहऱ्याची होते.

आणखी एक गोम. दूरसंचार परवान्यापुरता गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे परवाना विभागात, मोडतो. त्यामुळे ‘महाराष्ट्र व गोवा प्रमुख’ हे पद ऐकायला घरचे वाटले, तरी त्यात सत्तरी, सांगे, काणकोण हे आपले तालुके किती आणि पुणे किती, हे विचारलेले बरे.

जाणकार संचालकाचा उपयोग कुठे होतो, याचे साधे उदाहरण घ्या. आपल्या १९१ पंचायतींपैकी कुठल्याही पंचायतीच्या इंटरनेट जोडणीच्या करारात ‘९९ टक्के सेवा’ असे लिहिले, तर ३० दिवसांच्या महिन्यात ७ तास १२ मिनिटे जोडणी बंद राहिली तरी कंत्राटदाराला दंड नाही. ९९.५ टक्क्यांना ही मुभा ३ तास ३६ मिनिटांवर येते, ९९.९ टक्क्यांना सुमारे ४३ मिनिटांवर. त्यातही बंद वेळ कधीपासून मोजायची, लिंक पडल्यापासून की तक्रार नोंदवल्यापासून? तक्रारीपासून मोजली, तर शुक्रवारी संध्याकाळी पडलेली लिंक सोमवारी सकाळी ‘पडते’. पावसाळ्यात रस्ता खोदता येत नाही म्हणून तुटलेली फायबर ‘अपरिहार्य कारण’ या सदरात टाकली, की अख्खा जून ते सप्टेंबर हिशेबाबाहेर! हे प्रश्न नेटवर्कवाल्याला झोपेतसुद्धा सुचतात.

आता मूळ मुद्दा. ईडीसी (आर्थिक विकास महामंडळ) किंवा कदंब (बससेवा) यांसारखी महामंडळे कंपनी म्हणून नोंदलेली असल्याने त्यांना कंपनी कायदा २०१३ लागू होतो. (औद्योगिक विकास महामंडळ १९६५च्या स्वतंत्र कायद्याखालचे, तिथले नियम वेगळे.) कलम १४९(६) स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेल्या, संचालकाची कसोटी सांगते. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तो त्या कंपनीचा किंवा तिच्या धारक, उपकंपनी वा सहयोगी कंपनीचा नोकर नसावा. म्हणजे तपासले जाते ते महामंडळाशी असलेले नाते. महामंडळाला सेवा विकणाऱ्या किंवा त्याच्या जागेवर टॉवर उभारणाऱ्या कंपनीत तो गेल्या महिन्यापर्यंत नोकरीला असला, तरी एवढ्याने कलम आडवे येत नाही. सरकारचा प्रतिनिधी म्हणून नेमला, तर ही कसोटीही नाही.

उरते कलम १८४. महामंडळ जिच्याशी करार करते, त्या दुसऱ्या कंपनीत संचालकाचे भाग (शेअर) २ टक्क्यांहून अधिक असतील किंवा तो तिचा प्रवर्तक, व्यवस्थापक वा सीईओ असेल, तर त्याने हितसंबंध सांगून त्या विषयावरच्या चर्चेतून बाहेर राहायचे. खासगी छोट्या कंपनीला ही मर्यादा ठीक आहे. पण मोठ्या दूरसंचार कंपनीचे बाजारमूल्य लाखो कोटींत असते. १ लाख कोटी धरले, तरी २ टक्के म्हणजे २,००० कोटी रुपये. नोकरीत मिळालेले पाच-दहा कोटींचे शेअर बाळगणारा निवृत्त अधिकारी या चाळणीतून सहज खाली पडतो. त्याच कंपनीचा सल्लागार म्हणून तो मानधन घेत असेल, तर तेही या व्याख्येत बसत नाही. कलम १६६(४) हितसंबंधांचा संघर्ष टाळायला सांगते खरे, पण तो ओळखायचा कोणी? त्याने स्वतःच.

हजेरीचेही तसेच. वर्षाला किमान चार बैठका व्हाव्या लागतात, पण सलग १२ महिने सगळ्या बैठका चुकवल्या तरच पद जाते. वर्षातून एकदा चहाला आले तरी चालते!

संचालक दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत एमबीपी-१ या नमुन्यात आपले हितसंबंध लिहून देतो, त्यात भागधारणाही येते. हा कागद कंपनी निबंधकांकडे जात नाही, महामंडळाच्या नोंदणीकृत कार्यालयात आठ वर्षे पडून राहतो. माहिती अधिकारात मागितला, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार मिळू शकतो. म्हणून सरकारने नेमणुकीच्या आदेशातच अट घालावी: एमबीपी-१, जुन्या कंपनीकडून चालू असलेले मानधन आणि बैठकांची हजेरी महामंडळाच्या संकेतस्थळावर टाकली जाईल, आणि जुन्या कंपनीचा विषय आला की भाग कितीही कमी असोत, हा संचालक बाहेर बसेल. डीआयआर-२ या संमतिपत्रावर सही होण्यापूर्वी ही अट पुढे ठेवली, तर ज्याला ती जड वाटेल तो तिथेच नकार देईल. सही झाल्यावर ती घालू म्हटले, तर ठराव त्याच मंडळापुढे आणावा लागेल.

— एक कंपनी सेक्रेटरी, फोंडा