कवड्या आठवतो का?

सोलापूर,
रविवार, दुपार

सद्या,

आठ महिन्यांत तुझे तीन फोन उचलले नाहीत. चौथा तू केलाच नाहीस. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तू लगेच म्हणशील, "कसलं काम बे? माग तर भाड्यानं दिलाय." खरं सांगायचं तर भीत होतो. फोनवर तू मधेच ओरडला असतास. पत्रावर ओरडायचं तर आधी ते वाचावं लागतं.

इकडे सगळे बरे. आईची शुगर तशीच, माझी पाठ तशीच.

गुंडी गेली.

आषाढात गेली. तू कोल्हापूरला जाताना ही तुझी पायथन पिशवीसकट माझ्या हातात दिलीस, म्हणालास, "हिला काय लागत नाही, फक्त शहाणपणा करू नको." मी तेवढाच केला.

हॉटगी रोडचा तो जिमवाला दुबईला निघाला. त्याची बोआ, अजगरासारखा परदेशी साप, कुणी घेईना. सात फूट लांब, दंडाएवढी जाड, आणि गरीब इतकी की चिंट्यासुद्धा हात लावतो. चंपा नाव ठेवलं. कागद चोख हां, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद, हस्तांतर, सगळं. आपल्या घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आणि सापाचे कागद माझ्या नावावर, अण्णा रोज ऐकवतात.

नवीन साप तीन महिने वेगळा ठेवायचा, हे तूच शिकवलंस. मी पाच आठवडे ठेवला. मग मे महिना आला. पारा त्रेचाळीस, मागची पत्र्याची खोली म्हणजे भट्टी, आणि कूलर एकच, पुढच्या खोलीत. तिथं पेटीही एकच मावत होती, चादरींच्या जुन्या शोकेसची काच बसवून केलेली ती मोठी. म्हटलं, पाऊस पडेपर्यंत दोघी राहतील. दोन्ही बिनविषारी, दोन्ही विळखा घालून मारणाऱ्या, दोघींना उंदीरच. फरक काय तो?

फरक मला रोज डोळ्यांनी दिसत होता रे. गुंडीची जात आफ्रिकेतली, दिवसभर बिळात नाहीतर वारुळात दडून बसणारी. चंपाची दक्षिण अमेरिकेची, संधी मिळाली की फांदीवर. पेटीत लपायला एकच मडकं. चंपानं पहिल्याच रात्री त्यात बस्तान बसवलं. गुंडी काचेच्या कोपऱ्यात गोळा होऊन राहिली. कधी दोघी एकमेकींवर वेटोळं घालून बसायच्या. मी फोटो काढून चिंट्याला पाठवला, "बघ, बहिणी." कसल्या बहिणी! उबेची जागा एक, जिचं वजन जास्त ती वर. बसच्या खिडकीवर रुमाल टाकतात, त्यातली गत. तुला तो फोटो पाठवला नाही, यावरूनच समज, मला आतून माहीत होतं.

गुंडीनं खाणं सोडलं. तिच्या जातीचे महिनोन्‌महिने उपाशी राहतात हे ठाऊक असल्यामुळं मी निवांत. चंपाला बाहेर काढून बादलीत खाऊ घालायचो, एका उंदराला दोघींनी धरू नये म्हणून. त्याचा मला केवढा अभिमान! पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगायला लागले, मोहरीच्या कणीएवढे. गोचिडासारखे माइट. चंपाबरोबर आलेले. ते धुऊन काढले, पण पेटी एकच ठेवली.

जूनच्या शेवटी गुंडी मान मागे टाकून छताकडे बघायला लागली. तासन्‌तास. उताणी केली तर सरळ होता येईना. मला वाटलं ऊन बाधलं. चिंट्याच्या गाडीतून पुण्याला नेली, मांडीवर थर्माकोलची पेटी, टेंभुर्णीला चहासुद्धा घेतला नाही. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिच्याबरोबर बोआ आहे का?"

त्या क्षणी मला तुझी थप्पड आठवली. कवड्या आठवतो का? बाळे गावातून एका रात्रीत कवड्या आणि मण्यार धरले, बरण्या संपल्या, आणि मी दोघांना एकत्र टाकलं. दिसायला सारखेच, काळ्यावर पांढरे पट्टे. सकाळी बरणीत मण्यार एकटा, पोट टम्म. मी म्हणालो, झाकण सैल राहिलं असेल. तू आधी थप्पड मारलीस आणि मग सांगितलंस की मण्यार सापच खातो. तेव्हापासून तुझं तुणतुणं, एका बरणीत एकच. दोन वर्षं आपण त्यावर भांडलो. थप्पड जोरात होती, हे मी आजही म्हणतो.

यावेळी कुणी कुणाला गिळलं नाही, एवढंच. डॉक्टर म्हणाले, हा विषाणूचा आजार; बोआ तो विषाणू वर्षानुवर्षं अंगात बाळगून धडधाकट राहू शकते. पायथनच्या जातीत तो थेट मेंदूवर जातो आणि काही आठवड्यांत संपवतो. आजार सत्तरच्या दशकापासून ठाऊक आहे, विषाणू कुठला ते २०१२ मध्ये कळलं, औषध आजही नाही. अकरा दिवस राहिली. नंतर तपासणीत पेशींमध्ये या आजाराची खूण असलेले ठिपके निघालेच. शेतात कडुनिंबाजवळ खोल पुरली, चुना टाकून. पोर्टलवर मृत्यूची नोंद करताना हात थांबला. नाव विचारत नाहीत, फक्त जात. गुंडी कुठं लिहायचं?

आता चंपा. झकास आहे. खाते, कात टाकते, वजन वाढलंय. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर एकटी ठेवा नाहीतर झोपवून टाका, दुसऱ्याला देऊ मात्र नका. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसतो. राग येतो, मग वाटतं, हिनं काय केलं? मडक्यात जाऊन बसली फक्त. आई म्हणते देवाला सोड. आईला वाटतं साप म्हणजे वळू. तू असतास तर काय केलं असतंस? खरंच सांग. शिव्या आधी दे, पण नंतर सांग.

पोरगी चालायला लागली म्हणे? रेश्मा वहिनींनी फोटो दाखवला, नाक तुझंच, बिचारी. नवीन नोकरीचंही कळलं, अभिनंदन. गड्ड्याच्या जत्रेला येतोस ना? नंदीध्वज बघून तिला पाळण्यात बसवू.

गुंडीची शेवटची अख्खी कात माझ्याकडे आहे, डोळ्यांच्या चकत्यांसकट, कुठंही न फाटलेली. पत्रासोबत पाठवायला घडी घातली होती. मग आठवलं, तुझ्याकडे अजून दोन पायथन आहेत. पाकिटातून काढली आणि साबणानं हात धुतले.

शेंगाचटणी मात्र वहिनींबरोबर पाठवतोय. आईनं केली आहे, ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

तुझा,
बंड्या