गाडीच्या इंजिनाचं हेड उघडायची तारीख मी रद्द केलीय

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा वर्कशॉपला फोन करून आपल्या एमजीबीचं, त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढायची सोमवारची तारीख मी रद्द केली. बाबा, तुम्हाला न विचारता. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला असता आणि पुढचे दोन दिवस आईला तुमचा अबोला सोसावा लागला असता, म्हणून लिहितेय. रागवायचं तर पत्र पुरतं वाचून रागवा.

त्यांच्या कागदावर चार सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनचे, म्हणजे आत हवा किती दाबली जाते त्याचे, चार आकडे आहेत (पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला पौंड): 150, 148, 105, 152. तिसरा सिलिंडर पडलाय, हेड काढा, काढलंच आहे तर बोअरही (सिलिंडरची आतली भिंत) बघून टाकू, असं त्यांचं म्हणणं. पण इंजिन गरम होतं की थंड, थ्रॉटल (हवा आत जायची झडप) पूर्ण उघडा होता का, चारही स्पार्क प्लग बाहेर होते का, टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर) कुणी बघितले का, यातलं एक अक्षर कागदावर नाही. 8.8 कॉम्प्रेशन रेशोची एमजीबी धडधाकट असली तर 160 पीएसआयच्या आसपास दाखवते. पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनाला 150 काही वाईट नाहीत. खटकतो तो फरक. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्याच्या 75 टक्क्यांखाली गेला की काळजी करायची. 152 चे 75 टक्के म्हणजे 114, आणि आपला 105. दुखणं खरं असेलही. पण तुमचं बीपी वाढलेलं दिसलं तेव्हा डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली का? आधी पाच मिनिटं बसवलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं.

शिवाय हेड न काढताही उत्तर मिळण्याची बरीच शक्यता आहे. इंग्लंडात 2000 सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. आपल्या हेडला कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) कधी बसवल्याची पावती तुमच्या फाइलमध्ये मला सापडली नाही. शिसं नसलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आपली सीट खात वर सरकतो आणि टॅपेटचं अंतर कमी कमी होत जातं. एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही, आणि मग गेजवर 105. अंतर वाढलं की टॅपेट वाजतो, सगळ्यांना कळतं. कमी झालं की तो गप्प होतो आणि आपण खूश होतो की इंजिन किती शांत चालतंय. तुम्ही दिवाळीत अगदी हेच म्हणालात.

तेव्हा येत्या शनिवारी ओम सकाळी तुमच्याकडे येईल. वाकायचं, ढकलायचं, उचलायचं ते सगळं तो करेल. बाबा, तुम्ही स्टुलावर बसून सांगायचं. सीटच्या मागच्या दोन्ही 6 व्होल्टच्या बॅटऱ्या तुम्ही उचलायच्या नाहीत, मार्चनंतर तर नाहीच. त्या जागेवरून काढायच्याच नाहीत. शुक्रवारी रात्री जोडीवर 12 व्होल्टचा चार्जर लावून ठेवा. बॅटरी मंद असली की इंजिन हळू फिरतं आणि चारही आकडे खोटेच कमी येतात.

सकाळी इंजिन थंडगार असताना पहिलं काम टॅपेट. रॉकर कव्हरचे दोन नट काढा, चारही प्लग काढा (वायरींवर आधी 1 ते 4 चिठ्ठ्या लावा, 1 नंबर रेडिएटरकडचा), गाडी चौथ्या गिअरमध्ये घाला आणि ओमला ती हळूहळू ढकलू द्या. तुमचा नऊचा नियम त्याला शिकवा: 8 नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 1 तपासायचा, 6 उघडा असताना 3, बेरीज कायम 9. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट म्हणजे पाचवा व्हॉल्व्ह, तो बघायला चौथा पूर्ण दाबलेला हवा. अंतर 15 थाऊ, म्हणजे इंचाचे 15 हजारांश. लावण्याआधी आहे ते अंतर लिहून घ्या, कारण खरी बातमी त्या आकड्यात आहे. पाचव्यात 6 थाऊचं मोजायचं पातंही शिरत नसेल तर आरोपी सापडल्यात जमा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पातं फसवतं: त्याला 15 वाटतं आणि खरं अंतर जास्त असतं. बोट फिरवून बघा.

मग प्लग आणि कव्हर परत लावून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा, काटा मध्यावर येईपर्यंत. गॅरेजचं दार पूर्ण उघडं हवं, थंडी असली तरी. धूर दिसत नाही म्हणून विषारी नाही असं होत नाही. बंद केल्यावर प्लगभोवतीची घाण ब्रशने झटका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते आणि व्हॉल्व्हखाली अडकून नवाच आजार दाखवते. हेड बिडाचं आहे, गरम असताना प्लग काढल्याने आटे जाणार नाहीत, हात मात्र सांभाळा. मिटनवाले हातमोजे पार्सलमध्ये आहेत.

कॉइलच्या धन टोकावरची पांढरी वायर काढून टेप गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पेट्रोल पंपाचीही वायर काढा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून तेवढा वेळ इलेक्ट्रिक हीटर बंद. बाबा, तुम्हाला गारठा लागेल म्हणूनच सांगतेय: आधी तासभर हीटर लावून खोली तापवून घ्या, आणि आतून तो तपकिरी स्वेटर घाला.

तुमच्या रबरी टोकाच्या कॉम्प्रेशन गेजला निवृत्ती. तो भोकावर जोर लावून धरावा लागतो आणि हात जरा हलला की आकडा गेला. स्क्रू होणारा पाठवलाय: 14 मिमी आटे, 19 मिमी लांबी. हातानेच फिरवायचा, पाना नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चोक आत. आई, तू ड्रायव्हरच्या सीटवर बसून अॅक्सिलरेटर पायाने तळाला दाबून धर आणि बाबांनी हात वर केला की किल्ली फिरव. थ्रॉटल बंद राहिला तर इंजिनाला श्वासच मिळत नाही, चारही आकडे पडतात. त्या सीटवरून उठताना तुला त्रास होतो हे माहीत आहे; जाड उशी घेऊन बस, आणि उतरताना ओमचा हात धर, दाराचा नाही.

प्रत्येक सिलिंडरला सहा दाब द्या (गेजचा काटा सहादा उसळेपर्यंत इंजिन फिरवा), सगळ्यांना सारखेच. पहिल्या दाबाचा आकडाही लिहा. पहिला कमी आणि मग पायरी पायरीने चढत गेला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. पहिला कमी आणि पुढेही तिथेच घुटमळला तर व्हॉल्व्हवर. तिसरा अजून कमी असेल तर त्या भोकात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घाला, पाच मिलिलिटर, जास्त नाही. जास्त तेल स्वतःच जागा अडवून आकडा फुगवतं. दोन-चार फेऱ्या फिरवून परत मोजा. चांगला चढला तर गळती रिंगांतून. जेमतेम हलला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं गॅस्केट. दुसरा आणि तिसरा दोन्ही जोडीने पडले असते तर मी मधल्या गॅस्केटकडे बोट दाखवलं असतं, पण 148 शेजारी 105 म्हणजे ते तितकं संभवत नाही.

टॅपेट लावल्यावर तिसरा 125 च्या वर आला तर गाडी चालवायची आणि 500 मैलांनी अंतर परत बघायचं. तोपर्यंत पाचवा पुन्हा आवळला असेल तर सीट खरंच खाल्ली जातेय; मग हेड काढू, एक्झॉस्टला कडक सीट बसवू, आणि तेव्हा मी स्वतः येईन. आकडा हललाच नाही तर हवेचा दाब देऊन गळती कुठून येते ते ऐकायचं, तेही हेड न काढता: सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट, कार्ब्युरेटरमधून आलं तर इनलेट, तेलाच्या झाकणातून आलं तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गाडी चाळीस वर्षांपलीकडची असल्याने एमओटीची (इथल्या वार्षिक गाडी-तपासणीची) तारीखही डोक्यावर नाही. घाई कुणाला आहे?

बाबा, "मुलांच्या गळ्यात नको" हे तुम्ही मामाला म्हणालात ते माझ्यापर्यंत आलंय. गळ्यात कोण घालतंय? ती हिरवी गाडी माझ्याआधी घरात आली, तिचा मान मोठ्या बहिणीचा. तुम्हाला नको झाली तर माझ्याकडे येईल, पण ते तुम्ही ठरवा. हे एवढं एक मी तुमच्यासाठी ठरवलं, कारण आकडे नीट घेतल्याशिवाय कुणी तिचं हेड उघडावं हे तुम्हालाही आवडलं नसतं. तारीख घेतलीत ती दमून घेतलीत, एवढंच.

आई, शनिवारी पोहे नकोत, ओम सकाळी खातच नाही. दुपारी भात-आमटी ठेव. बाबांची अकराची गोळी गॅरेजमध्ये नेऊन दे, ते आत येणार नाहीत.

तुमची,
छकुली

ता. क. प्लग परत लावताना आधी रबरी नळीच्या तुकड्याने हाताने फिरवा, पाना शेवटी, 18 फूट-पौंड. गॅप 25 थाऊ. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट फिरतो. चमचाभर तेल घातलं असेल तर पहिली पाच मिनिटं निळा धूर येईल. शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेवा, गेल्या वेळी त्यांनी फायर ब्रिगेडला बोलवायचं मनावर घेतलं होतं.